लाद्यांखालचा लेख

मेलेल्या माणसांची माझ्या साडूंइतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा नसेल, आणि जिवंत गिऱ्हाइकांना त्यांच्याइतका ताटकळत ठेवणाराही नसेल. मुरबाडच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. ज्या वयात आमच्याकडची माणसं नातवंडांची वाट बघू लागतात, त्या बावन्नाव्या वर्षी साडूंनी पुरातत्त्वाच्या पदविकेला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवारी, तेही मुंबईत. ऐन लग्नसराईत नवरदेवाचा बाप दुकानाशी यावा, तर कुलपाला चिठ्ठी लटकलेली: ‘वर्गाला गेलो आहे. कपडे सोमवारी.’ कुठल्या सोमवारी, ते लिहिलेलं नसे.

वाटेत दिसलेला प्रत्येक जुना दगड ते शिवणकामाच्या फितीने मोजत आणि गिऱ्हाइकांच्याच वहीत उतरवून ठेवत. एका पानावर कुणा गुरुजींची छाती-कंबर, तर समोरच्या पानावर देवळामागच्या नंदीचा घेर. एकदा घोटाळा होऊन गुरुजींचा झब्बा नंदीच्या मापाने शिवला गेला. गुरुजी भले माणूस. म्हणाले, “राहू द्या, पहिल्यांदाच अंगाला वारा लागतोय.” आमच्या घरी एकदा बायकोच्या हातून पाण्याचा माठ फुटला. ती केरसुणी आणायला वळते तोच साडू ओरडले, “ताई, हलवू नका! तुकडे कुठं कुठं पडलेत ते आधी लिहून घेऊ द्या.” बायको अर्धा तास पाण्यात उभी, आणि हे उकिडवे बसून खापऱ्यांना नंबर देताहेत. वर तिलाच समजावणार, “खापरी महत्त्वाची नाय, ताई, ती कुठं पडली ते महत्त्वाचं. जागेवरून हलली की मुकी झाली.”

मला त्यांची लाज वाटायची, हे सांगूनच टाकतो. शहापुरात माझं सिमेंट-लाद्यांचं दुकान आहे, चार माणसांत ऊठबस आहे. एखादं गिऱ्हाईक सगळ्यांदेखत विचारायचं, “शेठ, तुमचे साडू आमच्या गावच्या उकिरड्यावं काय शोधत व्हते वो?” मी मान न उचलता सांगायचो, “ते नसतील, दुसरं कुणी असेल.” असं मी एकदा नव्हे, बऱ्याचदा सांगितलंय.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ते एका दुपारी धापा टाकत माझ्या दुकानात आले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात, शेताच्या बांधावर, त्यांना वीरगळ सापडला होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. तसे ते आपल्या भागात पुष्कळ आहेत, पण याच्या पायाशी मातीत अक्षरं होती. साडूंनी बोटांनी थोडी माती सारली, अक्षरांची नुसती डोकी दिसली, आणि त्यांनी ती माती पुन्हा होती तशी लोटून ठेवली. परवानगीशिवाय पुढे उकरायचं नाही, ही त्यांना वर्गात शिकवणाऱ्या बाईंची शिकवण. परवानगी काढून, दिवाळीनंतर बाई स्वतः येऊन ओल्या कागदावर त्या अक्षरांचा ठसा घेणार होत्या. साडूंचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्यावरच उभा राहणार होता. “आठेक इंच तरी दगड मातीत असंल, शेठ,” ते म्हणाले. “त्याचं नाव असंल तिथं. इतकी वर्षं कुणी वाचलं नाय. कुणाला बोलू नका.”

मी बोललो. चारच दिवसांनी त्या गावचे सरपंच सिमेंट न्यायला आले आणि मला मोठेपणाचा मोह आवरला नाही. उकिरडे उकरणारा साडू कबूल करायला मला जड जायचं, पण वीर शोधून काढणारा साडू म्हटल्यावर तो लगेच माझा झाला. सरपंचांचे डोळेच भरून आले. “आमच्या बांधावं एवढा वीर उभा हाय आन् आमाला म्हायती नाय? त्याला असा उघड्यावं ठेवू काय आमी?” मी तिथल्या तिथे सिमेंट आणि गुलाबी लाद्या माझ्यातर्फे जाहीर केल्या.

दगड जागचा हलवायचा नाही, एवढं मात्र मी त्यांना बजावलं होतं. साडूंचं ऐकून ऐकून तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं. गावाने शब्द पाळला, दगड तसूभरही हलवला नाही. आहे तिथेच त्याच्याभोवती चौथरा बांधला.

उद्घाटनाला मी साडूंना काही न सांगता गाडीत घालून घेऊन गेलो. वाटलं, खूश होतील. वीराला डोक्यापासून शेंदरी ऑइल पेंट दिला होता, चांदीचे डोळे बसवले होते, आणि पायाशी मातीच्याही वर टीचभर गुलाबी लाद्या चढल्या होत्या. समोर काळी पाटी, तिच्यावर ‘सौजन्य’ आणि खाली माझं ठसठशीत नाव. साडूंनी खिशातून फीत काढली, दगडाला लावली, पुन्हा गुंडाळून ठेवली. सरपंच त्यांच्या हातात नारळ देत म्हणाले, “तुमी शोधला, मान तुमचा.” साडूंनी नारळ फोडला, हात जोडले, सगळ्यांना प्रसाद वाटला.

परतीच्या रस्त्याला त्यांनी विचारलं, “शेठ, सिमेंट चांगलं दिलंत ना?”

“एक नंबर,” मी सवयीने म्हणालो.

“मग निघायचं नाय,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलंय ते. नंतर मी दोनदा सरपंचांना विनवायला गेलो. त्यांचं म्हणणं, देव एकदा बसवल्यावर उठवायचा कसा? आणि तेही ज्याने बसवला त्याच्याच सांगण्यावरून? दोन्ही वेळा मला नारळ देऊन परत पाठवलं. बाई आल्याच नाहीत. दुसरा विषय घ्या, म्हणाल्या. साडूंनी घेतला नाही. त्याच दगडावर जमेल तेवढं लिहिलं आणि कसेबसे पास झाले.

परवा मी तो प्रबंध त्यांच्या दुकानात बसून वाचला. माझं नाव कुठे येतं ते भीतभीतच शोधत होतो. लिहिलंय एवढंच: ‘खालचा भाग ग्रामस्थांनी श्रद्धेने बांधून काढला असून लेख सध्या वाचता येत नाही.’ शेजारी फोटो आहे. चौथऱ्यासमोर, पाटीच्या अगदी पुढ्यात, साडू स्वतः फतकल मारून बसले आहेत. पाटीची एक काळी कड तेवढी त्यांच्या खांद्यामागून दिसते. फोटोखाली बाईंनी लाल शाईने लिहिलंय, की पुरातत्त्वाच्या फोटोत माणूस मधे बसवत नाहीत, इतकं साधं शेवटच्या वर्षीही कळू नये? त्याचे गुणही कापलेत.

“फोटोत कशाला बसलात हो?” मी विचारलं.

साडू सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, “ऊन लय व्हतं, शेठ. तिथं जरा सावली व्हती.”

त्या बांधावर सावली नाही. मी जाऊन पाहिलंय.