घुबडाची झोप

हॉटेलच्या धुलाईखान्यात सगळे त्याला घुबड म्हणायचे. रात्रपाळीत बाकीचे पेंगायचे आणि हा टक्क जागा. मग कुणाकडे लग्न असो, कुणाचं मूल आजारी असो, रात्रपाळी घुबडाच्या गळ्यात. "नाहीतरी तू झोपत नाहीस," म्हणून लोक मोकळे. पंचविशीच्या आतल्या पोराला झोप लागत नाही हे दुखणं आहे, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांना ती सोय वाटली.

रात्रभर परक्यांच्या चादरींना कडक इस्त्री करायची आणि सकाळी भाड्याच्या खोलीत चुरगळलेल्या चादरीवर पडायचं. ऊन थेट तोंडावर. आई गेल्यापासून बोलायला एक ताई, तीही शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवणकामात आणि संसारात बुडालेली. फार एकटा होता तो.

एकदा फोनवर म्हणाला, "ताई, आता उठूच नये असं वाटतं."

"मग सुट्टीच्या दिवशी लोळ की."

"तसं नाही गं."

मशीनवरचा तिचा पाय थांबला. तिने सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?"

"येतं. पहाटे जास्त."

ताई हातातलं काम टाकून निघाली आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी औषध दिलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि आधी झोपेलाच हात घातला. रात्रपाळी बंद. झोप लागो न लागो, उठायची वेळ एकच. तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. आणि तो विचार आला की ताईला फोन.

मुकादम कुरकुरला, "मग रात्री कोण उभं राहणार?"

"तुम्ही," ताई म्हणाली.

झोप काही लगेच आली नाही. खुर्चीत बसून त्याची पाठ धरली. पहाटे ताईला फोन यायचा. कधी बोलायचे, कधी दोघं नुसतीच गप्प. तिलाही त्या वेळी आपोआप जाग यायला लागली.

एका पहाटे फोन आला नाही. तिने केला, उचलला नाही. पुन्हा केला. घरातल्या चपलांवरच तिने पहिली बस पकडली. धावत जिना चढून तिने आपल्याकडच्या जादा किल्लीने दार उघडलं.

आत घुबड घोरत होतं. तोंड उघडं, उशीवर लाळ. फोन खुर्चीवरच्या स्वेटरखाली दबलेला. ताई त्या खुर्चीत बसली आणि तोंडावर पदर दाबून रडली.

गजर झाला. त्याने एक डोळा उघडला. "ताई? तू कधी आलीस?"

"तुझा फोन आला नाही म्हणून आले."

"झोपलो होतो गं."

"दिसलं मला. झोप अजून." मग तिची नजर घड्याळाकडे गेली. "नको, ऊठ. वेळ झाली."

आणि तो उठला.