साडूच्या खिडकीतल्या चिकट्या

माझ्या साडूला घरात सगळे लिफ्टवाले म्हणतात, कारण तो लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली, इमारतींच्या पोटात उतरून तो तारा, कप्प्या आणि दारं तपासतो आहे. बोटं जाडजूड, नखांत कायमचं वंगण. कुणाकडेही गेला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावतो आणि मग माणसांकडे वळतो. माणूस सरळ आहे, हे मीच सांगतो. त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायला लागतं, हेही मीच सांगतो.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. चिमटा, भिंग आणि स्थिर हात, यांवर माझं पोट चालतं. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात नाजूक कामाचा मान माझाच, असं मी धरून चाललो होतो. त्याच तोऱ्यात मी मेक्सिकन बटरवर्ट पाळायला घेतली. तळहातावर मावेल एवढं झाड, मातीला चिकटून गोल पसरलेली पानं. उन्हाळ्यात त्या पानांवर बारीक चिकट थेंब येतात, चिलटं त्यात अडकतात आणि झाड ती सावकाश पचवतं. बायकोने पहिल्याच दिवशी त्यांना चिकट्या म्हटलं आणि तेच नाव राहिलं. नऊ वर्षांत मी त्रेसष्ट कुंड्या जमवल्या. आतल्या खोलीची पूर्वेची खिडकी त्यांनीच भरली आहे.

चार वर्षांपूर्वी लिफ्टवाले खिडकीपाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. "भाऊ, मला जमेल का हो?" त्याने विचारलं. मी मनातल्या मनात हसलो. थंडीत चिकटीचं पान पांढऱ्या देठासकट अलगद ओढून काढायचं आणि दमट वाळूवर ठेवायचं. महिन्याभरात देठाशी नवं रोप फुटतं. मी त्याला तशी पाच पानं दिली. खरं सांगतो, मरतील म्हणूनच दिली. त्या बोटांत ती जगतील असं मला वाटलंच नव्हतं.

पाचही जगली.

त्याची पद्धत सोपी होती. मी सांगेन तेवढंच करायचा, त्याहून काडीचं जास्त नाही. मी दिवसातून दहा वेळा भिंग घेऊन जाणार, पानं उचलून बघणार, कुंडी फिरवणार. तो म्हणायचा, "लिफ्टला तेल लागतं तेवढंच द्यायचं भाऊ. जास्त दिलं की धूळ धरते." ऋतू बदलला की त्याचा फोन यायचा. मागच्या वर्षी काय सांगितलं होतं ते त्याला चांगलं आठवायचं, तरीही विचारायचा. लिफ्टच्या कंपनीकडून दर वर्षी नवं पत्रक येतं, आणि नवं आलं की जुनं फाडून टाकायचं, ही त्याच्या कामातली शिस्त. चिकट्यांच्या बाबतीत कंपनी म्हणजे मी.

गेल्या वर्षी त्याच्या अठरा कुंड्यांना एकदम एकोणीस फुलं आली. जांभळी, टपोरी, उंच देठावर डोलणारी. माझ्या त्रेसष्ट कुंड्यांत मिळून चार. मेव्हणी फोनवर फोटो घेऊन आली. सासूबाईंनी चष्मा लावून (चष्मा मीच बसवलेला) ते फोटो दोनदा बघितले आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडून नेली आणि तुम्हालाच मागे टाकलं की हो!" सगळे हसले. मीही हसलो. पाहुणे माझी खिडकी बघायला यायचे ते आता, "लिफ्टवाल्यांकडची बघितलीत का?" असं मलाच विचारू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. झाडं माझी, माहिती माझी, आणि कौतुक मात्र त्या वंगणाच्या बोटांचं.

हिवाळा लागला तसा त्याचा फोन आला. हिवाळ्यात चिकट्या आक्रसतात. चिकट पानं जातात आणि मध्ये कोटाच्या बटणाएवढा मांसल गोळा उरतो. तेव्हा पाणी जवळजवळ तोडायचं असतं, पंधरा दिवसांतून एकदा, तेही खालच्या बशीत, घोटभर. वरून पाणी पडलं की गोळा कुजतो.

"भाऊ, थंडी पडली. नेहमीसारखंच ना?"

मी म्हणालो, "नाही. यंदा पद्धत बदलली आहे. दिवसाआड पाणी घाला. वरून, अगदी मधोमध."

"मधोमध. बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. का, कशासाठी, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या हातून एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली. आठवड्याने मी त्याला फोन केला, खरं काय ते सांगून टाकायचंच असं ठरवून. घरातल्या गिझरची तक्रार विचारली, मेव्हणीचा गुडघा विचारला आणि ठेवून दिला. अजून थोडं पाणी पडू दे, असंच मला वाटत होतं. फक्त फुलं येऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. कुजलेल्या झाडाला फूल येत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं?

महिन्याने बायको बहिणीकडून आली ती गंभीर चेहऱ्याने. "त्यांच्या सगळ्या चिकट्या कुजल्या हो. एकही राहिली नाही. लिफ्टवाले जेवणावरून उठून जातात म्हणे." मी म्हणालो, "अरेरे." आणि आतून मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी तो दारात उभा. हातात स्क्रू ठेवायचा चपटा प्लास्टिकचा डबा. त्यातल्या कप्प्यांत दमट वाळू आणि प्रत्येक कप्प्यात एक पान. काहींच्या देठाशी हिरवे ठिपके फुटले होते.

"गोळे मधून सडायला लागले तेव्हा कडेची धड पानं काढून घेतली," तो म्हणाला. "वीस निघाली. दहा तुमची."

"माझी कशाला?"

"पद्धत बदलली म्हणालात. म्हणजे तुम्हीही तसंच केलं असणार. माझ्या अठरा होत्या हो, तुमच्या तर त्रेसष्ट. नऊ वर्षांची मेहनत. फोन करायचा धीरच होईना."

मी दारातच उभा राहिलो. माझ्याच्याने बाजूला होववेना. एवढ्यात बायको आतून आली. "अहो, बाहेर काय उभे? या ना. यांच्या एकदम छान आहेत, काही झालेलं नाही," म्हणत तिने त्याला आतल्या खोलीत नेलं आणि पडदा सारला.

त्रेसष्ट बटणं, घट्ट, कोरडी, ठणठणीत. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेला. मग त्याने एका बशीत बोट टेकवलं. बोटाला धूळ लागली. त्याने दुसऱ्या बशीत बोट टेकवलं, मग तिसऱ्या.  

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने डबा टेबलावर ठेवला, चिमटा न घेता त्या जाड बोटांनी दहा पानं एकेक उचलली, माझ्या रिकाम्या ट्रेमध्ये वाळूवर मांडली. एकाही पानाला चरा पडला नाही. त्या क्षणीसुद्धा मला त्याच्या बोटांचा हेवा वाटला.

"ठेवा. तुमच्यासाठी आणली होती," तो म्हणाला.

मग डबा बंद करून तो माझ्या बायकोकडे वळला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

"ताई," त्याने विचारलं, "थंडीत पाणी किती घालायचं असतं?"