मासे आणि ढग

सुट्टी म्हणजे काय, तर दुसरं कुणीतरी कामावर असल्यामुळे आपल्याला पाय पसरून बसता येणं. हे ज्याला पटत नसेल त्याने टेलिव्हिजन केंद्रातल्या काकांना विचारावं. तीन दिवसांची जोडून सुट्टी आली की सगळं शहर टीव्हीसमोर लोळायचं, आणि लोळणाऱ्यांना सकाळपासून काही ना काही दिसत राहावं म्हणून काका आपल्या खुर्चीत ताठ बसलेले असायचे. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. कपाटातून कार्यक्रमांच्या कॅसेट काढायच्या, यंत्रात चढवायच्या आणि एक संपली की नेमक्या क्षणी दुसरी सोडायची. चुकलं तर पडदा काळा, आणि पडदा काळा झाला की साहेबांचा फोन ठरलेला. बरोबर झालं तर असा कुणी माणूस तिथे बसलाय याचा कुणाला पत्ताही नाही. वीस-बावीस वर्षं काकांनी डोळ्यांत तेल घालून हे केलं. कार्यक्रम अख्खा असा त्यांनी एकही पाहिला नव्हता, पाहिली ती फक्त शेपटं. सिनेमात कोण कुणाचा भाऊ ते त्यांना शेवटी कळायचं, पण तो हरवला कसा हे कधीच कळायचं नाही.

ही गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. काकांच्या घरी फोन नव्हता. निरोप द्यायचा तर इमारतीखालच्या किराणा दुकानात फोन करायचा, आणि दुकानदार उपकार केल्यासारखा चार हाका मारायचा. म्हणून काका-काकूंनी लग्नानंतर लवकरच एक युक्ती काढली होती. एखादा कार्यक्रम ठरल्यापेक्षा आधी संपला की उरलेल्या वेळात लावायला केंद्रात दोन कॅसेट होत्या. एकीत काचेच्या टाकीत फिरणारे लाल मासे, दुसरीत नुसते सरकणारे ढग. कोणती लावायची हे काकांच्या मर्जीवर होतं, साहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. दुपारचा सिनेमा संपल्यावर थोडी जागा उरायचीच. तिथे मासे दिसले तर काका वेळेवर घरी. ढग दिसले तर पुढची पाळीही त्यांच्याच गळ्यात पडलेली. काकू त्यावरून स्वयंपाकाचा अंदाज घ्यायच्या. एवढ्या लोकांच्या पडद्यावरून एका नवऱ्याने एका बायकोला निरोप पाठवावा आणि कुणाला सुगावा लागू नये, याचं दोघांना मनातून भारी कौतुक होतं.

त्यांची एकुलती मुलगी यातच वाढली. वाचता येण्याआधी तिला मासे आणि ढग वाचता येत होते. वाढदिवसाला ढग आले, शाळेत बक्षीस मिळालं त्या दिवशी ढग आले, ताप चढला होता तेव्हाही ढगच. ढग आले की ती टीव्हीकडे पाठ करून बसायची. काकू नवऱ्याला म्हणायच्या, "भीड ही भिकेची बहीण. एकदा तरी नाही म्हणून बघा, जीभ झडणार नाही." काका हसायचे आणि तेवढ्यावर ते संपायचं.

अशाच एका जोडून सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मुलगी घर सोडून निघाली होती. परगावच्या इस्पितळात तिला परिचारिकेची नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं, आणि दिवेलागणीची बस चुकली तर दुसरी नव्हती. काका कामाला निघाले तेव्हा ती दारात बॅगेवर बसली होती, बॅग बंद होत नव्हती म्हणून.

"बाबा, आज मासे ना?"

"मासेच. शब्द देतो."

"शब्द राहू द्या. मासे द्या."

केंद्रावर आल्या आल्या काकांनी आधी मासे काढले आणि सिनेमानंतर सुटायच्या जागी चढवून ठेवले. एकदा चढवलं की झालं, मग कुणी काही म्हणो. कामावरचे दोघं जोडीदार सुट्टीवर होते, त्यातला एक आज संध्याकाळच्या पाळीला परतणार होता; तोवर तिन्ही दिवस काकाच बसले होते, आणि डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं वाटत होतं. सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई वाकून-ताठून गेल्या. त्यांच्यामागून बागकाम आलं, बोलक्या बाहुल्या आल्या. पोहण्याच्या शर्यतीत एका पोराने पाण्यातून बाहेर येऊन आईला मिठी मारली, तेवढी काकांनी पाहिली, कारण ती शेवटी होती. मग पाककृती, मग टोपीतून कबूतर काढणारा जादूगार. चहा तीनदा गार झाला. दुपारी सिनेमा सुरू झाला तेव्हा काकांनी पायातल्या चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले आणि आता एवढंच, असं स्वतःला बजावलं.

सिनेमा संपत आला आणि फोन वाजला.

"काका, तुमच्या जोडीदाराची गाडी रस्त्यात बंद पडलीय म्हणे," साहेब म्हणाले. "तो येईपर्यंत जरा सांभाळून घ्या. तुमच्याशिवाय आहे कोण मला?"

'माझी मुलगी चाललीय' हे वाक्य काकांच्या घशापर्यंत आलं होतं. मी खरं सांगतो, अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं.

"हो साहेब," काका म्हणाले.

फोन ठेवून ते पडद्याकडे वळले. पडद्यावर दोन भावांनी एकमेकांना ओळखलं, गाण्याचा आवाज वाढला, आणि सवयीच्या हाताने बटण दाबलं. लाल मासे पोहू लागले. काकांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ढग चढवायचे राहिले होते. कॅसेट थांबवली असती तर पडदा काळा झाला असता, आणि काळा पडदा काकांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. मासे आपले निवांत तोंड उघडत-मिटत राहिले. घरी मुलीने आईला हाक मारली असेल, बॅग खाली ठेवली असेल. आता ती वाट बघत बसणार, बस निघून जाणार, पहिल्याच दिवशी नोकरीवर गैरहजर. काकांनी किराणा दुकानाचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दुकानदारालाही सुट्टी होती.

मग काकांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पुढच्या कार्यक्रमानंतर उद्याच्या सिनेमाची जाहिरात लागायची होती. ती त्यांनी सरळ काढून टाकली आणि त्या जागी ढग सोडले. ढग सरकत असतानाच फोन आला.

"काका, ती जाहिरात कुठे गेली?"

"चुकलं साहेब."

"तुमचं? थकलात वाटतं."

"हो साहेब," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हा 'हो' अगदी खरा होता.

जोडीदार आला तेव्हा बस जाऊन तास तरी झाला होता. काका घरी पोचले. दारातली बॅगेची जागा मोकळी होती. काकू ताटं मांडत होत्या, सवयीने तीन घेतलेली, त्यातलं एक परत ठेवत होत्या.

"गेली?"

"गेली. वेळेवर गेली. दादा सोडायला गेला होता." दादा म्हणजे काकूंचा भाऊ.

काकांचा जीव भांड्यात पडला. "मासे बघून थांबली तर नाही ना, याचा घोर लागला होता."

"कसले मासे?" काकू म्हणाल्या. "टीव्ही लावलाच नाही आज."

काकांनी पाहिलं. टीव्हीच्या पडद्यावर झाकलेलं भरतकामाचं कापड सकाळसारखंच, घडी न मोडलेलं होतं.

"मी लावायला उठले होते," काकू म्हणाल्या. "तिनेच हात धरला. म्हणाली, आई, आज नको. ढग बघून मला घराबाहेर नाही पडायचं. न बघता गेले, तर बाबा येतच होते असं समजून राहीन."

काकांनी त्या कापडाचा कोपरा उगाच सरळ केला. मग हळूच म्हणाले, "अगं, मासे लावले होते मी. खरंच लावले होते."

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मग आला का नाहीत?"

काकांनी तोंड उघडलं. पण या प्रश्नाला 'हो' म्हणून भागत नव्हतं, आणि दुसरं उत्तर त्यांना कधी आलंच नव्हतं.