वीस दिवसांची जखम

पद : परिचारिका, जखम-उपचार कक्ष. सेवाकाल : सव्वीस वर्षे. चष्मा : आहे. शिस्तभंगाची नोंद : एक (वरिष्ठांच्या सूचनेवर मान डोलावली, परंतु हसून). गुणवत्ताधारित मोबदल्यास पात्र. निकष : कक्षात नोंदलेली प्रत्येक जखम एकवीस दिवसांत भरली पाहिजे, न भरल्यास केंद्रातील सर्वांचाच मोबदला कापला जाईल. विशेष कौशल्य : निरंक.

हे सगळं जिच्याबद्दल लिहून ठेवलं होतं, तिला दवाखान्यात पट्टीताई म्हणत. चिकटपट्टी लावताना ती शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवी. म्हणजे दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना नखानं खरवडावं लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी सोलून निघत नाही. या दुमडीला गुण नव्हते, कारण तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

तक्ता आणला गुणवत्ता अधिकाऱ्यानं. वयानं पट्टीताईच्या मुलाएवढा, स्वभावानं गरीब, जखमा मात्र फक्त कागदावर पाहिलेला. "आजवर आपण कामाचे पैसे देत होतो," पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "यापुढे चांगल्या कामाचे देणार."

"मग आजवर चांगल्या कामाचे कोण खात होतं?" कंपाउंडरनं शेजारच्याला विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बैठक तिथंच आटोपली.

पहिल्याच तिमाहीत घड्याळवाले काका आले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलेलं, अंगात साखर मुरलेली, आणि उजव्या पायाच्या करंगळीला बूट चावून झालेली जखम. साखरेच्या माणसाची जखम तक्ता वाचून भरत नाही. विसावा दिवस उजाडला तरी ती अर्धी उघडीच.

"सिस्टर, यांना पुलापलीकडच्या केंद्रात पाठवा," अधिकारी म्हणाला. "तिकडे नव्यानं नोंद होईल. आपला आकडा स्वच्छ राहील."

बाकीच्या अकरा जणांचा मोबदला त्या करंगळीला लटकला होता. पट्टीताईनं मान डोलावली आणि या खेपेला हसलीही नाही.

आता पुलापलीकडच्या केंद्रात पट्ट्या करायला होती तिची सख्खी नणंद. दुपारीच फोन आला.

"वहिनी, आहेर पोचला बरं का."

"वन्सं, जरा सांभाळून घ्या."

"घेते की. वीस दिवस."

विसाव्या दिवशी आहेर परत आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नवीन जखम'. नणंदेच्या केंद्रातही तक्ता होता, अधिकारी होता, आणि त्या अधिकाऱ्यालाही हीच युक्ती स्वतःच सुचली होती. मग काका पुन्हा तिकडे गेले आणि पुन्हा इकडे आले. दोन्ही केंद्रांचे आकडे इतके सुधारले, की वरून अभिनंदनाचं पत्र आलं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा काका बाकावर टेकत म्हणाले, "ताई, घड्याळ मागं पडलं की मी ते पुढं करून द्यायचो. तुम्ही नणंद-भावजया दर वीस दिवसांनी मला पहिल्या तारखेवर आणून ठेवता, आणि वर शाबासकी घेता. हा धंदा आधी कळला असता, तर मी कशाला डोळे फोडून घेतले असते?"

पट्टीताईनं त्यांचा पाय स्टुलावर घेऊन पट्टी सोडली. तेवढ्यात डॉक्टर डोकावले, करंगळी दाबून पाहिली आणि म्हणाले, "काळपट होतेय. दीड महिन्यात भरली नाही तर काढावी लागेल."

"दहातलं एक गेलं तर काय मोठंसं," काका म्हणाले खरे, पण पाय मात्र त्यांनी हळूच बाकाखाली ओढून घेतला.

डॉक्टर गेले. पट्टीताईनं पाय परत वर घेतला आणि सवयीनं जळजळीत औषधाची बाटली उचलली. नवी जखम पहिले तीन दिवस त्यानं धुवायची, हा नियमच होता. नव्या जखमेतली घाण त्यानं जळून जाते. बाटली कलती करता करता तिचा हात थांबला. जखमेच्या कडेनं कोवळं गुलाबी मांस धरलं होतं.

मागच्या खेपेलाही अशीच गुलाबी कड होती. ती तिनं स्वतःच्या हातानं जाळली होती. चिठ्ठीवर 'नवीन' लिहिलं होतं आणि त्या औषधाच्या रकान्यात खूण केली की दोन गुण मिळत होते. सव्वीस वर्षांचा हात एका रकान्यापुढे मुकाट्यानं वागला होता.

तिनं बाटली कपाटात ठेवली आणि फोन लावला. "वन्सं, काकांना तुम्ही पहिल्या तीन दिवसांचं औषध लावलंत?"

"लावणार नाही तर काय? नवी जखम होती."

"नवी?"

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई! भरत आलेली जखम आपण दोघींनी मिळून तीनदा उकरली की गं."

त्या दिवसापासून पट्टीताईनं जखम साध्या मिठाच्या पाण्यानं धुतली. काकांच्या बुटाला करंगळीपाशी कात्रीनं भोक पाडलं. काकांनी बुटाच्या किमतीवरून कुरकुर केली, तीही ऐकून घेतली.

"सिस्टर, आज वीस झाले," अधिकारी दारात येऊन म्हणाला.

"झाले का? भराभर गेले."

"मग पुलापलीकडे..."

"वन्सं घेणार नाहीत. सांगून ठेवलंय त्यांना."

"अहो, पण आपला निकष?"

"निकषाला करंगळी असते का हो?"

अधिकारी प्रामाणिक होता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "नाही."

"मग त्याला काही होत नाही."

कंपाउंडरनं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. बोलू लागला तेव्हा पहिलं वाक्य मोबदल्याबद्दलच होतं. घरी नवरा म्हणाला, "ताईचा फोन होता. म्हणाली, तुझ्या बायकोला अक्कल येते उशिरा, पण येते ती अकरा जणांच्या खर्चानं."

"आणि त्यांना कधी आली, ते नाही का सांगितलं?"

"तुझ्यानंतर दोन मिनिटांनी, म्हणाली."

अडतिसाव्या दिवशी जखम भरली. तिमाहीच्या अहवालात कक्षाचा शेरा असा आला : कामगिरी असमाधानकारक. मुदतबाह्य जखमा : एक. जबाबदार कर्मचारी : परिचारिका. कारणे दाखवा नोटीस : बजावली. मोबदला : देय नाही.

काकांच्या उजव्या पायाला पाच बोटं आहेत.