हॉर्नवरचा तळहात

"कोनं तरी हात लावला हाये," असं म्हणत तो जीपचं बॉनेट उघडायचा. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते आणि तो लसीकरणाच्या जीपचा ड्रायव्हर.

त्याचा संशय सगळ्यांवर. डिझेल कमी दिसलं की चौकीदार, आरसा हलला की कंपाउंडर. माणूस वाईट नव्हता. रामाकोन्याहून एखादी बाळंतीण आणायची असली की एक खड्डा सुटायचा नाही त्याच्या नजरेतून.

एके वर्षी हॉर्नचा आवाज बसला, असं तो म्हणू लागला. त्यानं फ्यूज बदलला. स्टेअरिंगवरचं बटण उघडून आतला कॉन्टॅक्ट घासला. अर्थची तार गंजली असेल म्हणून तीही खरवडून पुन्हा कसली.

"काका, चांगला तं वाजून राहिला," कंपाउंडर म्हणाला.

"तुले चांगला वाटनच," तो म्हणाला. चांगला हॉर्न काढून यानंच हलका बसवला, असं त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं.

मला उलटाच संशय. दौरे टाळायला निमित्त शोधतोय. तुम्हालाही तेच वाटलं असतं. आपण सगळे त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागलोय, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मग लोधीखेड्याच्या रस्त्यावर एक बैलगाडी आडवी आली. त्यानं बटण दाबलं. बैल बिथरले आणि गाडीचं चाक नालीत गेलं. गाडीवान ओरडत होता, अन् हा दाबतच होता.

"पाहा सिस्टर. जीवच नाही आवाजात."

मी त्याचा हात बटणावरून काढला. "काका, कान फाटून राहिले आमचे."

त्यानं इंजिन बंद केलं. मग उतरला, बॉनेट उघडून हॉर्नवर तळहात ठेवला. "दाबा."

मी दाबलं. त्याचा हात मनगटापर्यंत थरथरला. त्यानं तो लगेच काढला नाही.

नालीतलं चाक त्यानंच खांदा लावून वर काढलं. सौंसरला परतल्यावर जीपची किल्ली स्वतः डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी त्याला दवाखान्याच्या फाटकावर ड्यूटीला बसवलं.

तिथं तो आमच्या ओठांकडे बघायचा. "माह्याच बद्दल बोलून राहिल्या ना?"

"हो काका. नवा ड्रायव्हर जीप लय पळवते, तुमच्यावानी चालवत नाही म्हणून."

"मले मालूमच होतं," म्हणून खूष.

रिटायर झाल्यावर तो तिगावला मुलीकडे जायला निघाला. पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसला, तेव्हा मी खिडकीशी जाऊन काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात मलाच ते धड ऐकू आलं नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता. माह्याच बद्दल बोलून राहिल्या ना, असं या वेळी त्यानं विचारलं नाही. नुसती मान हलवली.