दुसरी आंघोळ

परदेशात राहणाऱ्या माणसाला घरून खरं सांगत नाहीत. माणूस गेलेलं असलं तरी फोनवर म्हणतात, "तब्येत जरा सीरियस आहे, निघून या." प्रवासात त्याचा धीर सुटू नये म्हणून. दुबईतल्या आम्हा सगळ्यांना ही रीत पाठ झाली आहे. असा फोन आला की पुढे कुणी काही विचारत नाही. शेजारीण गुपचूप मुलांना आपल्या घरी नेते आणि कुणीतरी तिकीट बघायला लागतं.

माझा नवरा हे दुबईशेजारच्या अजमानला शिकला. लग्नाआधी तो तिथे चौघांबरोबर खोली करून राहायचा. त्याच्या वडिलांच्या वेळी असाच फोन आला होता. बिचारा त्यांच्यासाठी औषधं आणि खजूर घेऊन गेला, आणि घराच्या गल्लीत शिरला तर समोर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं उभी. "सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं," असं तो अजूनही म्हणतो. मला त्याची तेव्हा दया यायची.

गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आम्ही दोन्ही मुलांना घेऊन व्हिएन्नाला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी बाबांना दम लागला म्हणून भावाने त्यांना पुण्यात हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी ट्रिप कॅन्सल करते म्हटलं तर बाबाच फोनवर ओरडले. त्यांनी जन्मभर कॉलेजच्या होस्टेलची मेस चालवली होती, त्यामुळे राजवाडा म्हटल्यावर त्यांना एकच प्रश्न पडला. "सिंहासन काय, सगळेच दाखवतात. एवढ्या खोल्यांच्या घरात चूल कुठे होती, ते बघून ये. आणि आल्यावर नको, तिथूनच सांग."

राजवाड्यापुढच्या रांगेत उभे होतो तेव्हा नवऱ्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला, फार तर मिनिटभर. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"कुणाचा?"

"ऑफिसचा. ते सोड. तुझा फोन दे, पॉवर बँक माझ्या बॅगेत आहे, चार्ज करतो."

मी दिला. बावळटासारखा देऊन टाकला.

आत खोल्यांमागून खोल्या होत्या, आणि भिंतींवर नुसतं सोनं थापलेलं. दुबईत वाढलेल्या मुलांना त्याचं काय कौतुक! मुलगी म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट लाइक अ हॉटेल लॉबी." मुलगा तर खालची फरशी बघत चालला होता. मी मात्र कोपरे शोधत होते. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात चिनी मातीची पांढरी, उंच शेगडी होती, पण तिला लाकडं घालायला दारच नव्हतं. मग कानाला लावलेल्या यंत्रातल्या बाईने सांगितलं की भिंतींच्या मागून अरुंद बोळ आहेत. नोकर तिथून जाळ घालायचे, म्हणजे राजाराणीला ना धूर दिसायचा ना नोकर. मला इतका आनंद झाला! चूल नव्हती ती, पण बाबांना सांगायला चुलीपेक्षाही भारी गोष्ट मिळाली होती.

"फोन दे रे, बाबांना सांगते."

"आत अलाउड नाही."

बागेत आल्यावर परत मागितला. "स्विच ऑफ झालाय. हॉटेलवर गेल्यावर कर ना, काय घाई आहे?" असं म्हणून त्याने मुलांना आइस्क्रीम घेतलं. त्याचे डोळे लाल झाले होते. मी चिडवलंसुद्धा, "राजवाडा बघून रडू आलं का?" झाडांची ॲलर्जी असेल म्हणाला.

संध्याकाळी मुलांना जेवू घालून त्याने मला पलंगावर बसवलं.

"बाबा गेले गं. सकाळीच. रांगेत होतो तेव्हा तुझ्या भावाचा फोन आला. आपण इथून काय करणार होतो? म्हटलं, तेवढा दिवस तरी मुलांचा नीट जाऊ दे. उद्याची तिकिटं केली आहेत."

मी खूप रडले. मग उठून डोक्यावरून पाणी घेतलं, मुलांच्याही डोक्यावरून घातलं. धाकट्याने विचारलं, असं का? घरातलं माणूस गेलं की करतात, म्हटलं. तो "ओके" म्हणाला. फोन मी बंदच ठेवला. कुणाशीच बोलायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुबईत उतरलो. पुण्याचं विमान संध्याकाळचं होतं, म्हणून गरम कपडे टाकायला अल मनखूलला घरी आलो. तिथे मी फोन सुरू केला, आणि लगेच भावाचा कॉल आला.

"ताई, फोन का बंद होता तुझा? दाजीही उचलत नव्हते. बाबा काल दिवसभर विचारत होते."

"कोण?"

"बाबा, अगं. काल चांगले बोलत होते. पहाटेपासून बोलणं बंद झालंय, पण डॉक्टर म्हणतात ऐकू येत असेल. कानाला लावू का फोन?"

मी शेगडीचं सांगितलं. भिंतीमागचे बोळ, न दिसणारे नोकर, सगळं. मोठमोठ्याने सांगितलं. पलीकडून यंत्राचा आवाज आणि बाबांचा घरघरता श्वास येत होता.

नवरा दाराशी बॅगेवर बसला होता. "मला वाटलं..." एवढंच म्हणाला. त्या क्षणी मला त्याचा गळा दाबावासा वाटला. अजूनही कधीकधी, तो शांतपणे चहा पीत असला की, वाटतं.

आम्ही विमानात असताना बाबा गेले. हॉस्पिटलच्या दारात सगळं कळल्यावर भाऊ नवऱ्याला म्हणाला, "दाजी, सीरियस होते म्हणून मी सीरियस म्हणालो. दुसरं काय म्हणायला हवं होतं?"

सगळं उरकून भावाच्या घरी आलो. मुलांना बाथरूममध्ये नेऊन मी बादली भरली. मुलगी मुकाट्याने पुढे झाली. धाकट्याने मात्र तांब्या घेतलेला माझा हात धरला.

"बट मम्मा," तो म्हणाला, "वी ऑलरेडी डिड धिस फॉर आजोबा."

मी त्याचा हात सोडवला आणि पाणी घातलं.