दीर्घिका वाणावरचा करपा

बसा. चहा येईपर्यंत माझा एक गाढवपणा सांगून टाकतो. नाहीतर दापोऱ्याचं कोणीतरी भेटेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. माझ्या फजितीला तिखटमीठ लावायचा हक्क माझा आहे, दुसऱ्यानं त्यात हात घालू नये.

शनवारा भागात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आसपासच्या गावांत केळीच्या पानावर ठिपका पडला की माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग मला फोटो पाठवतो. कधीकधी क्रम उलटाही असतो. मी फोटो बघतो आणि औषध सांगतो. चष्मा लागत नाही. म्हणजे लागतो, पण गिऱ्हाइकासमोर मी तो लावत नाही. डॉक्टरच चष्मा शोधत बसला तर रोग्यानं कुणाकडे बघायचं?

शिवाय एक जुनी खोड. दुकानाच्या गल्ल्यावर बसलो की 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. घरी निघतात. बायको विचारते, "गॅसचं पुस्तक कुठंय?" तेव्हा लगेच निघतात.

आता माझी भाची, तेजू. माझी बहीण दापोऱ्याला दिलीय, तिची मुलगी. पुण्यात कसलंसं संशोधन करते. कसलं, हे मी तिला तीनदा विचारलंय आणि तिन्ही वेळा तिचं उत्तर अर्ध्यात असताना दुकानात गिऱ्हाईक आलंय. त्या आठवड्यात ती सुट्टीला गावी आली होती. दाजींच्या घरी प्रिंटर नाही, माझ्या दुकानात आहे. म्हणून दुपारी तिनं मला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं:

"मामा, शेजारच्या दीर्घिकेतले हे मोठे आहेत, शेवटच्या अवस्थेतले. फार क्वचित सापडतात. लाल गोलातले बघा. प्रिंट काढून ठेवाल का? उद्या संध्याकाळपर्यंत खात्री करून यादी पाठवायचीय."

फोटो उघडला. पांढुरक्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके. हजारो. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे, आणि दहा-बारांभोवती लाल गोल. आमचे शेतकरी फोटो पाठवतात तेव्हा रोगाच्या जागेभोवती बोटानं असाच लाल गोल काढतात.

आता मला सांगा, माझं काय चुकलं? मुलगी दापोऱ्यात. घर मळ्यातच. मळ्याला लागून सुपडूभाऊंची केळीची बाग. पोरगी लिहिते, शेजारच्यात, मोठे ठिपके, शेवटची अवस्था. करपा, केळीचं पान जाळत नेणारा रोग. दुसरं काय असणार? फोटो काळापांढरा का, हा प्रश्न मनात आला होता, पण तो तिनं दाजींच्या फोनवर काढला असणार, आणि तो फोन इतका जुना आहे की त्यातून हिरवं पानही विधवेसारखं दिसतं.

राहिला तो एक शब्द. दीर्घिका.

लोधीपुऱ्याचे मधुकरभाऊ समोर बसले होते. मी मेसेज त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता, ही माझी दुसरी खोड. ते म्हणाले, "दीर्घिका काय असते हो?"

"वाण आहे," मी म्हणालो. "टिशू कल्चरचं. नवीन निघालंय."

"म्हणजे केळं लांब असेल."

"सव्वा फूट."

अर्ध्या मिनिटापूर्वी मी ते नाव ऐकलंसुद्धा नव्हतं, आणि आता फळ मोजूनही मोकळा झालो होतो.

"रोपं कधी येतील?"

"नाव लिहून ठेवा. मागणी फार आहे."

संध्याकाळपर्यंत वहीत अकरा नावं झाली. अकरा माणसं दीर्घिकेसाठी माझ्याकडे नंबर लावून बसली होती.

पण ते असू द्या. खरा घोळ पुढे आहे. करपा वाऱ्यानं पसरतो. आज सुपडूभाऊंकडे, तर उद्या माझ्या बहिणीच्या बागेत. म्हणून गावाचं भलं करावं या हेतूनं, आणि आपलं नाव व्हावं या त्याहून थोड्या मोठ्या हेतूनं, मी दापोऱ्याच्या केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो टाकला. खाली लिहिलं: "सुपडूभाऊंच्या बागेत दीर्घिका शेवटच्या अवस्थेत. वाचणं कठीण. सर्वांनी आपापली काळजी घ्यावी. उद्या सकाळी समक्ष येत आहे."

रात्री छान झोप लागली. समाजसेवेनं लागते.

सकाळी सातला सुपडूभाऊंचा फोन.

"भाऊ, तू माह्या बागेत कधी आला होता?"

"यायची गरज नाही सुपडूभाऊ. फोटोवरून कळतं."

"माह्या बागेची आज कापणी आहे. गाडी येऊन उभी आहे आन् मुकादम घडाले हात लावून नाही राह्यला. म्हणतो, करप्याचा माल रस्त्यात पिकतो, व्यापारी मले ठेवणार नाही. तू ये फक्त. ये तू."

'ये तू' हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यात आमंत्रण कमी होतं.

कापणीला आलेली केळी आणि लग्नाला आलेलं वऱ्हाड, दोन्ही थांबत नाहीत. आज गाडी रिकामी गेली तर दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही, तोवर घड झाडावरच पिवळे. वर्षाची मेहनत माकडांना. हे मला कळत होतं. पण मी विचार केला, करपा काही मी पाडलेला नाही. पांढरा शर्ट घातला आणि मोटारसायकल काढली.

बागेच्या बांधावर गाडी उभी. मजूर सावलीला बसलेले. मुकादम निमाडकडचा, हिंदी बोलणारा, विडी ओढत होता. सुपडूभाऊ मधोमध उभे.

"आला डॉक्टर," ते म्हणाले. "चल, दाखव."

मी पुढे, सुपडूभाऊ मागे. पहिली ओळ बघितली. पान हिरवंगार. दुसरी बघितली. तिसरी. शेवटी खिशातून चष्मा काढला. चष्म्यातून ती आणखीच हिरवी दिसली. घड तर असे की फोटो काढून दुकानात लावावेत.

"हे नाही," मी म्हणालो. "दीर्घिका कुठे लावलीय?"

सुपडूभाऊ थांबले. "कोन दीर्घिका?"

"तुमचं ते नवीन वाण."

"माह्या घरात एक दीपिका आहे. माही सून. तिच्या माहेरचे सकाळपासून चार फोन आले, पोरीले काय झालं, शेवटच्या अवस्थेत आहे म्हणतात, आम्हाले कळवलं काहून नाही. तिची आई रडून राह्यली. ती इकडे भाकरी थापून राह्यली अन् तिकडं तिची आई गाडीत बसली."

इथे मला पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी काहीतरी चुकतंय.

मी तेजूला फोन लावला. म्हटलं, "पोरी, तू पाठवलेला तो फोटो घेऊन जरा सुपडूभाऊंच्या बांधावर ये. साक्ष द्यायचीय."

पाच मिनिटांत ती लॅपटॉप काखेत घेऊन आली. मी मोठ्या विश्वासानं म्हणालो, "सांग यांना, हा करपा तू कुठे बघितला?"

तिनं माझा ग्रुपवरचा मेसेज वाचला. मग खाली बसली. हसत होती की रडत होती, मला बराच वेळ कळलं नाही.

"मामा, हे तारे आहेत."

"कुठले?"

"आकाशातले."

"काळे?"

"फोटो मुद्दाम उलटा करून बघतो आम्ही. पांढऱ्यावर काळा बारीक ठिपका चटकन दिसतो. आणि दीर्घिका म्हणजे तारकांचा मोठा समूह. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. ही तिच्या शेजारची."

मुकादम विडी विझवून जवळ आला. "मतलब बीमारी आसमान में है?"

"बीमारी नहीं है चाचा. पर हाँ, आसमान में है."

"कितनी दूर?"

"तीस लाख प्रकाशवर्ष. वहाँ से निकली रोशनी को यहाँ आने में तीस लाख साल लगते हैं."

मुकादमानं गाडीकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग माझ्याकडे. "तब तक तो माल दिल्ली पहुँच जाएगा," तो म्हणाला आणि मजुरांना हाक मारली. "चलो रे, उठो."

एका वाक्यात सुपडूभाऊंची बाग वाचली. माझं वाचणं कठीण होतं.

पण सुपडूभाऊ आता लॅपटॉपपुढे बसले होते. "पोरी, मंग हे लाल गोल कशाचे?"

"काका, हे फार मोठे तारे. आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी जड. जितका मोठा, तितका लवकर जळून संपतो. शेवटी शेवटी काही पिवळे होतात, पण तसे फार थोडा काळ राहतात. म्हणून सापडत नाहीत. मी तेच शोधते."

"म्हणजे केळीसारखं," सुपडूभाऊ म्हणाले. "हिरवं महिनोन्‌महिने. पिवळं दोनच दिवस. कोन्या बी बागेत जाय, पिवळं सापडायचं नाही."

तेजूनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं माझ्याकडे आयुष्यात बघितलं नव्हतं. "काका, हे मी माझ्या सरांना सांगू?"

"सांग ना. आन् खात्री कशी करते?"

"तेच अवघड आहे. मध्ये आपल्याच आकाशगंगेतले साधे पिवळे तारे येतात. असतात अगदी दारातले, पण फोटोत लांबच्या मोठ्या ताऱ्यासारखेच दिसतात. मग बघायचं, तो जागचा हलतो का. जवळचा असेल तर वर्षागणिक किंचित सरकतो. लांबचा हललेला दिसत नाही."

"हलला तर आपल्यातला," सुपडूभाऊंनी मान डोलावली. "समजलं. एवढं सोपं आहे. तुह्या मामाले नाही समजलं?"

मी म्हणालो, "मला वेळेवर कोणी सांगितलं नाही."

"तीनदा सांगितलंय," तेजू म्हणाली.

सकाळच्या गोंधळात चार मजूर निघून गेले होते. सुपडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. दुपारपर्यंत मी खांद्यावरून घड वाहिले. सुनेची आई मध्येच पोहोचली, मुलगी धडधाकट बघून रडली, मग मी कोण हे विचारून घेतलं. त्यापुढचं मी सांगणार नाही. बाई वयानं मोठ्या आहेत.

गाडी भरून गेली. तेजूची यादीही संध्याकाळी माझ्याच दुकानातून वेळेत गेली, प्रिंटा मीच काढल्या. वहीतल्या अकरा जणांना फोन करून सांगितलं की दीर्घिकेची रोपं येत नाहीत. मधुकरभाऊंनी विचारलं, "का?" म्हटलं, वाहतूक जमत नाही.

केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो आणि जन्मात निघत नाही. माझा पांढरा शर्ट घरी आला तेव्हा त्यावर हजारो काळे ठिपके होते. बायकोनं तो उजेडात धरला. "याला कुठलं औषध मारू?"

त्या दिवसापासून दापोऱ्याची पोरं मला चांदण्यांचे फोटो पाठवतात. "मामा, आज वर लई करपा आहे, काय मारू?" एखाद्या फोटोला फसावं तर गावभर पुन्हा हसं, म्हणून मी कानाला खडा लावला. आता तेजूला विचारल्याशिवाय कुठल्याच ठिपक्यावर मत द्यायचं नाही.

तर मागच्या महिन्यात दुकानात बसलो असताना मोबाईलवर एक फोटो आला. काळे ठिपके. मजकूर काही नाही. पाठवणारी बायको. मी मनात म्हटलं, म्हणजे आता ही पण त्यांना सामील. चष्मा ड्रॉवरमध्ये होता, समोर गिऱ्हाईक होतं. फोटो तसाच तेजूला पुढे ढकलला आणि विचारलं, "ही कुठली दीर्घिका?"

एका मिनिटात पुण्याहून उत्तर आलं:

"मामा, हा लांबचा नाही. कोपऱ्यात दोरीवर तुमचा ठिपक्यांचा शर्ट हललेला दिसतोय. ही तुमच्या मागच्या दारची केळ आहे. करपा. शेवटच्या अवस्थेतला."